अर्ध्या गाण्यांची वही

(सोलापूरच्या नवी पेठेत झालेल्या महिला गटांच्या मेळाव्यातील भाषणाचा थोडा संपादित मजकूर.)

सकाळपासून आपण पोटगी, रेशन कार्ड, कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा अशा विषयांवर बोललो. जेवणानंतरच्या या सत्रात माझ्या नावापुढे ‘साठ सालानंतरची भावगीतं’ असं लिहिलेलं पाहून काहीजणी हसल्या, ते मी पाहिलं. एक मैत्रीण तर म्हणाली, “म्हणजे आता झोपायला हरकत नाही ना?” हरकत नाही. ती गाणीच तशी होती, संथ, मऊ, डोळे मिटून ऐकायची. पण डोळे मिटून ऐकायला कुणाला मिळत होतं, एवढंच मला आज विचारायचं आहे.

सुरुवात माझ्या एका चुकीपासून करते. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेऊन मी कामाला लागले तेव्हा डोक्यात विश्लेषण ठासून भरलेलं होतं. एका शिबिरात ‘प्रसारमाध्यमं आणि स्त्रीप्रतिमा’ हे सत्र माझ्याकडे होतं. मी फळ्यावर दोन रकाने काढले. एकात पुरुष काय करतो, दुसऱ्यात बाई काय करते. मग जुन्या भावगीतांचे दाखले देत गेले. तो येतो, ती वाट पाहते. तो बोलतो, ती लाजते. तो निघून जातो, ती चांदण्यात रडते. तरुण मुली खूश झाल्या, भराभर लिहून घेत होत्या. मागच्या बाजूला एक सत्तरीच्या बाई बसल्या होत्या. त्या उठल्या, पिशवी उचलली आणि दाराशी जाऊन मला म्हणाल्या, “ताई, तुमचं सगळं बरोबर आहे. पण तेवढं एक गाणं तरी माझं राहू द्या.”

त्या निघून गेल्या. पुढच्या बैठकीला आल्या नाहीत. मी निरोप पाठवला, मग स्वतः घरी गेले. चहा दिला, पण गाण्याचा विषय त्यांनी पुन्हा काढू दिला नाही. माझं विश्लेषण चुकीचं होतं असं मला आजही वाटत नाही. पण त्या बाईंनी आयुष्यभर जपलेली एक वस्तू मी फळ्यावर उलटी टांगली होती. ती त्यांच्याकडे कशी आली, त्यांनी ती कुठे लपवून ठेवली होती, हे मी विचारलंच नव्हतं.

ते विचारायला मी शिकले माझ्याच घरात, इथून चार गल्ल्यांवर.

माझी आजी, वडिलांची आई, १९६४ साली लग्न होऊन नवी पेठेतल्या आमच्या घरी आली. पुढे दुकान, मागे घर. लग्नात तिच्या वडिलांनी जावयाला घड्याळ, सायकल आणि लाकडी खोक्याचा रेडिओ दिला. हुंडाबंदीचा कायदा १९६१ सालचा, म्हणजे तेव्हा तीन वर्षांचा होता. पण त्याला हुंडा कोण म्हणतो? हौसेनं दिलं, असंच म्हणायचं. तो रेडिओ पुढच्या सोप्यात फळीवर ठेवला गेला. त्यावर आजीनंच भरतकाम केलेलं झाकण घातलं होतं. रेडिओला तेव्हा सरकारी परवाना लागे. पोस्टात जाऊन दरवर्षी पैसे भरावे लागत. परवान्याचं पुस्तक माझ्या पणजोबांच्या नावावर होतं. रेडिओ माहेरचा, झाकण सुनेच्या हातचं, परवाना सासऱ्यांचा आणि बटणही सासऱ्यांचंच. सुनेनं बटणाला हात लावायचा नाही, असा नियम कुणी तोंडानं सांगितला नव्हता. तो सांगावा लागत नसे.

आजी गाणी ऐकायची ती स्वयंपाकघरातून. मधे एक माजघर. त्यात तिच्यासमोर पंपाचा स्टोव्ह. तो पेटला की त्याच्या आवाजात सोप्यावरचं गाणं बुडून जायचं. कुकर नव्हता. वरण शिजेपर्यंत स्टोव्ह चालू, म्हणजे कडवं गेलं. भाकरी थापताना थोडं ऐकू यायचं. मग कुणी पाणी मागायचं. बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला लागायची. १९५२ पासून अमीन सायानींचा तो आवाज सगळ्या देशानं ऐकला. आठ ते नऊ हीच आमच्या घरी पानं वाढायची वेळ. त्या तासात आजीच्या वाट्याला आलं ते म्हणजे वाढताना सोप्याच्या उंबऱ्यापर्यंतची ये-जा.

आजीकडे एक वही आहे. गाण्याची वही. तुमच्यापैकी अनेकींच्या आई-आजीकडे असेल. त्या काळी मुली रेडिओवरची गाणी ऐकून लिहून घेत. आजीची वही मी नीट उघडून पाहिली ती तिला ऐंशीवं लागलं तेव्हा. प्रत्येक गाण्यात मोकळ्या जागा आहेत. दोन ओळी लिहिलेल्या, मग टिंबं, मग एक ओळ, पुन्हा टिंबं. आधी मला वाटलं शाई उडाली असेल. आजी म्हणाली, “अगं, तिथं स्टोव्ह होता.”

मैत्रिणींनो, ‘जुनी हळुवार गाणी’ हे शब्द उच्चारले की माझ्यासमोर आता ती टिंबं येतात.

मग एका दुपारी आम्ही दोघी मोबाईल घेऊन बसलो. एकेक गाणं लावायचं आणि टिंबं भरायची. आजी डोळे मिटून ऐकत होती, मी लिहीत होते. एका गाण्याशी ती एकदम थांबली. म्हणाली, “ही ओळ मी साठ वर्षं चुकीची म्हणत आले. मला वाटायचं ती त्याला ये म्हणते. ती तर जा म्हणतेय.” आणि ती खूप हसली. मला मात्र भरून आलं. ते तिच्या लक्षात आलं असावं. ती म्हणाली, “माझी कीव करू नकोस हं. त्या अर्ध्या गाण्यांवर मी अख्खा संसार काढलाय.”

हे वाक्य मी कामावर सोबत घेऊन जाते. कारण ‘ती बिचारी’ आणि ‘ती सुखी’ या दोन खणांखेरीज बाईला ठेवायला आपल्याकडे तिसरा खण नसतो. आजीला गाणं मनापासून आवडत होतं आणि तिला ते पूर्ण ऐकू दिलं गेलं नव्हतं. दोन्ही खरं आहे.

आता जरा त्या गाण्यांकडे वळू. कारण ही टिंबं फक्त ऐकणाऱ्या बायकांच्या वाट्याला आली नव्हती.

१९५२ साली केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. लोक रेडिओ सिलोनकडे वळले. १९५७ साली विविध भारती सुरू झाली. दरम्यान मुंबई-पुण्याच्या केंद्रांवर सुगम संगीताला, म्हणजे आपल्या भावगीताला, मोठी जागा मिळाली. गीतरामायण पुणे केंद्रावर १९५५ साली सुरू झालं ते याच काळात. पुढच्या दहा वर्षांत खळे, देव, फडके यांच्या चाली, पाडगावकर, माडगूळकर, शांता शेळके यांचे शब्द, माणिक वर्मा, मालती पांडे, सुमन कल्याणपूर, आशा भोसले यांचे आवाज घराघरात पोचले. मोठं वैभव होतं ते, यात शंका नाही.

पण त्या वैभवातल्या बायकांचं काय झालं, तेही पाहा. ‘शुक्रतारा’ हे गाणं ऐकलं नाही असा मराठी माणूस मिळणार नाही. अरुण दाते यांचं नाव त्याला कायमचं चिकटलं. त्यात दुसरा आवाज सुधा मल्होत्रा यांचा आहे. या बाई चांगल्या गायिका, शिवाय चालही बांधू शकत. १९५९ च्या ‘दीदी’ चित्रपटातल्या गाजलेल्या एका गाण्याची चाल त्यांची आहे. १९६० साली त्यांचं लग्न झालं आणि चित्रपटांसाठी गाणं त्यांनी थांबवलं. नंतर १९८२ च्या ‘प्रेमरोग’मध्ये त्यांचा आवाज पुन्हा ऐकू आला. २०१३ साली पद्मश्री मिळाली. त्या वीसेक वर्षांत किती गाणी झाली असती? आजीच्या वहीतल्यासारखी तिथंही टिंबंच आहेत.

आणखी एक गाणं घ्या, ‘रेशमाच्या रेघांनी’. १९६४ सालचा ‘मराठा तितुका मेळवावा’ हा चित्रपट. शब्द शांता शेळके यांचे, आवाज आशा भोसले यांचा, चाल आनंदघन यांची. आनंदघन कोण? लता मंगेशकर. म्हणजे शब्द, चाल, आवाज, तिन्ही बायकांचं. पण श्रेयनामावलीत संगीतकार म्हणून बाईचं नाव नव्हतं. १९६५ च्या ‘साधी माणसं’ला संगीताचा राज्य पुरस्कार मिळाला तेव्हा आनंदघन म्हणजे लताबाई, हे लोकांसमोर आलं. शांताबाईंनीही सिनेमाची काही गाणी ‘वसंत अवसरे’ या पुरुषाच्या नावानं लिहिली. त्या सेन्सॉर बोर्डाच्या कामाशी जोडलेल्या होत्या, हे त्याचं कारण सांगितलं जातं. कारणं प्रत्येकीची वेगळी असतील, लताबाईंना तर नावाची कमतरता नव्हती. तरीही मला हे नोंदवावंसं वाटतं की गाणारी बाई समाजाला सहज चालली, पण चाल बांधणाऱ्या बाईची सवय लागायला फार वेळ लागला. आजही संगीत दिग्दर्शक बायकांची नावं सांगा म्हटलं तर आपण सरस्वतीदेवी, उषा खन्ना, मीना खडीकर, स्नेहा खानवलकर अशी बोटांवर मोजतो.

इथपर्यंत बोलून मी थांबले असते, पण सोलापुरात थांबता येत नाही. कारण हे सगळं झालं रेडिओ असलेल्या घरांचं.

आमच्या केंद्राचं निम्मं काम पूर्व भागात चालतं. तुम्हांला माहीत आहे, तिथं पद्मशाली समाज मोठा, घरात तेलुगू बोलली जाते. पुरुष मागावर आणि बायका बिडीवर. मी उत्साहानं तिथल्या गटात गेले आणि ज्येष्ठ बायकांना विचारलं, “तुम्हांला जुनी भावगीतं आठवतात का?” त्या एकमेकींकडे पाहू लागल्या. मग एक म्हणाली, “ती तुमच्याकडची.” त्यांच्या आठवणीत घंटसाला आणि पी. सुशीला होत्या, बतुकम्माची गाणी होती. साठ सालची गाणी म्हणजे आपल्यासाठी एकच यादी, हा माझा समज तिथं गळून पडला. आपण ‘आपल्या सगळ्यांच्या आठवणी’ म्हणतो तेव्हा बऱ्याचदा त्या नवी पेठेतल्या दुमजली घरांच्या आठवणी असतात.

त्यांतली एक आजी आठ वर्षांची असल्यापासून बिड्या वळते. तिच्या घरी रेडिओ नव्हता. गल्लीच्या तोंडाशी हॉटेल होतं, तिथला ऐकू यायचा. मांडीवर सूप, पान कातरायचं, तंबाखू भरायची, वळायची, दोरा बांधायचा. गाणं संथ असलं की हात संथ व्हायचा आणि आई ओरडायची, “गाणं ऐकू नको, हजार कधी होणार?” ही आजी मला म्हणाली, “हळू गाणं आम्हांला परवडायचं नाही. आम्हांला पळतं गाणं पाहिजे.” हळुवार संगीताबद्दल इतकं नेमकं मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. संथपणा ही चैन होती. तिला वेळ लागतो, आणि वेळेचे पैसे कापले जात होते.

लग्नानंतर तिनं कट्ट्यांमागून कट्टे बांधून पैसे साठवले आणि ट्रान्झिस्टर घेतला. नवरा तो खांद्याला अडकवून बाहेर घेऊन जायचा, रात्री आणायचा. “माझ्या पैशाचा, पण फिरायचा त्याच्यासंगं,” ती म्हणाली.

याच सुमारास, १९६६ साली, बिडी आणि सिगार कामगारांच्या सेवाशर्तींचा कायदा झाला. घरी बसून बिड्या वळणारी बाईही कामगारच आहे, हे त्यानं मान्य केलं. मालकांनी त्याला आव्हान दिलं. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयानं कायदा कायम ठेवला. पुढे ओळखपत्रासाठी, नापास ठरवून फेकलेल्या बिड्यांच्या मजुरीसाठी या शहरातल्या बायकांनी किती मोर्चे काढले, ते इथं बसलेल्या ज्येष्ठ कार्यकर्त्या माझ्याहून चांगलं सांगतील. त्या काळाच्या आठवणी काढायच्या तर या मोर्च्यांच्या घोषणाही त्याच दशकांचा आवाज आहेत.

हे सगळं आजच सांगण्याचं कारण असं. हल्ली जुन्या गाण्यांचे कार्यक्रम भरपूर होतात. निवेदक सांगतात, काय तो काळ होता, किती तरल, किती सोज्ज्वळ, घरं कशी शांत होती. सभागृहातले पुरुष मान डोलावतात. मग हळूच पुढचं वाक्य येतं, हल्लीच्या मुलींना मात्र सहनशीलताच नाही. आमच्या केंद्रात समेटासाठी बसलेल्या एका सासऱ्यांनी हेच ऐकवलं होतं, “आमच्या काळी घरात आवाज चढत नव्हता.” त्या काळी घरातल्या मारहाणीविरुद्ध बाईसाठी वेगळा कायदाच नव्हता. ४९८-अ कलम आलं १९८३ साली, कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ साली. स्त्रीधनावर पूर्ण हक्क बाईचाच, हे सर्वोच्च न्यायालयानं प्रतिभा राणी खटल्यात ठासून सांगितलं ते १९८५ साली. माझ्या आजीचा रेडिओ तोवर भंगारात गेला होता. घर शांत वाटत होतं, कारण रेडिओ मोठा होता आणि बाई बारीक आवाजात बोलत होती. गाण्याचा मऊपणा हा घराच्या मऊपणाचा पुरावा होत नाही.

आणि बटणाचा प्रश्न संपलाय असं समजू नका. गेल्या वर्षी एक बावीस वर्षांची मुलगी आमच्याकडे आली. मारहाण नाही, उपाशी ठेवत नाहीत. मोबाईल मात्र सासूबाईंच्या कपाटात. दिवसातून एकदा आईशी बोलायला मिळतो, स्पीकर लावून. कानात गाणी लावून काम केलं तर घरचे म्हणतात, “कुणाशी बोलतेस?” तक्रार अर्जात नेमकं काय लिहायचं तेच तिला कळत नव्हतं. म्हणाली, “मॅडम, मला फक्त पोळ्या करताना गाणी ऐकायची असतात. एवढ्यासाठी कुणी येतं का इथं?”

येतं. यायलाच पाहिजे. मी तिला आजीच्या वहीबद्दल सांगितलं. ती पहिल्यांदा मोकळेपणानं हसली आणि मग खूप रडली. मोबाईल परत मिळवण्यासाठी तीन बैठका लागल्या. तिसऱ्या बैठकीला तिच्या सासूबाई एकट्याच आल्या आणि म्हणाल्या, “आम्हांला कुठं काय ऐकायला मिळालं?” तो राग होता. पण मला त्यात तीच टिंबं दिसली. जिला स्वतःला बटणाला हात लावू दिला नाही, तिच्या हातात एकदाचं बटण आलं होतं. त्यांना मी विचारलं, “तुम्हांला कोणतं गाणं ऐकायचं होतं?” बराच वेळ त्या गप्प राहिल्या. मग त्यांनी एका गाण्याचं नाव सांगितलं. मी ते लावलं. तिथून पुढे बोलणं सुरू झालं. सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही, पण मोबाईल कपाटातून बाहेर आला.

शिबिरातून उठून गेलेल्या त्या बाईंना मी आता काय म्हटलं असतं? फळा पुसला असता आणि विचारलं असतं, “ते गाणं तुमचं कसं झालं, सांगाल?” आपल्या चळवळीला गाण्याचं वावडं कधीच नव्हतं. जात्यावरच्या, भजनाच्या, सिनेमाच्या चालींवर आपण आपले शब्द बसवले. ‘मुलगी झाली हो’ हे नाटक १९८३ पासून गात-नाचतच गावोगाव गेलं. गाण्यातली बाई वाट पाहणारी असेल, पण ऐकणारी बाई त्या गाण्याचं काय करते हे तिचं तिलाच ठाऊक असतं. कुणी त्यात नवऱ्याला पाहत असेल, कुणी माहेर. एखादी फक्त तीन मिनिटांची विश्रांती शोधत असेल.

म्हणून एक साधं काम सुचवते. पुढच्या महिन्याच्या गटाच्या बैठकीत साठीच्या वरच्या बायकांना बोलवा. ‘तुमच्यावर अन्याय झाला का?’ असं विचारू नका. ‘काही नाही, चांगलं होतं’ एवढंच उत्तर येतं, मी शंभरदा ऐकलंय. त्याऐवजी तीन प्रश्न विचारा. तुमचं गाणं कोणतं? ते ऐकू यायचं तेव्हा तुम्ही घरात कुठे होतात? आणि तेव्हा तुमचे हात काय करत होते? भाषा कोणतीही चालेल, मराठी, तेलुगू, कन्नड, दखनी. उत्तरं वहीत लिहा. आठवत नसेल तिथं टिंबं द्या, खोटं भरू नका. नंतर ते गाणं पूर्ण लावा. त्या वेळी कुणी चहाला उठायचं नाही, कुणी भाजी निवडायची नाही. हात मोकळे ठेवून एक गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचं. आमच्या गटात हे केलं तेव्हा चारजणींनी सांगितलं की असं आयुष्यात पहिल्यांदाच बसलो.

माझी आजी आज येणार होती, गुडघ्यामुळे आली नाही. निघताना मी तिला म्हटलं, तुझ्या वहीबद्दल बोलणार आहे, चालेल ना? ती म्हणाली, “सांग. पण सगळी टिंबं भरलीस असं सांगू नकोस. अजून अकरा गाणी बाकी आहेत.”

ती अकरा गाणी आम्ही भरतो आहोत. तुम्हीही आपापल्या घरातली वही शोधा.